राजा काही उठेना

८ डिसेंबर, सोमवार

राणी सुटली! जामीन झाला!

संध्याकाळी कोर्टाचा कागद आला आणि साईराज उड्या मारतच गेटबाहेर गेला. मोटारसायकल चोरीची केस. जाताना माझ्या पाया पडला, गेटवरच्या कुत्र्याच्याही पडला असता. सगळी बराक टाळ्या वाजवत होती. एकट्या आयेशा मॅडम तोंड पाडून उभ्या. आनंदच आहे हो हवालदार, म्हणाल्या, पण आता मी राणी कुठून आणू?

मला हसू येत होतं. दाखवलं नाही. ड्युटीवर हसायचं नाही, ही जुनी सवय. आधी फौज, मग जेल – सगळा जन्म शिट्टीवर ऊठबस करण्यात गेला!

ही वही डॉक्टरांमुळे. बीपी वाढलं तर म्हणाले, राग आला की ओरडायच्या आधी लिहून काढा. मी म्हटलं, डॉक्टर, मी जेलचा हवालदार, ओरडायचाच पगार मिळतो मला. तरी हिनं वही आणून दिलीच. तर लिहितो – राग आहे तो साहेबांवर. सव्वीस जानेवारीला कैद्यांचं नाटक करायचं त्यांच्या मनात आलं. मिरजेहून ह्या मॅडम आणल्या. आणि देखरेखीला कोण? मी! जेलमध्ये नाटक! इथं रोजची नाटकं कमी पडतात काय?

पहिल्या दिवशी मॅडमनी नाव विचारलं. म्हटलं, गुंडा. तर म्हणाल्या, कैद्याचं नाही हो, तुमचं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

नवी राणी मिळाली. इलाही. कराडला मंडप-डेकोरेशनचा धंदा, भागीदाराशी फाटलं आणि फसवणुकीच्या केसमध्ये आत आला. अंगानं भरपूर. स्टेजवर चालला की फळ्या कुरकुरतात, पण लाजतो असा की खरी राणी काय लाजेल!

नाटक मॅडमनीच लिहिलंय. एक राजा असतो. आपलं सिंहासन कुणीतरी पळवील ह्या भीतीनं तो त्याच्यावरून उठतच नाही. तिथंच जेवण, तिथंच आंघोळ, तिथंच झोप. राणी, प्रधान, प्रजा सगळे त्याला उठवायला धडपडतात. शत्रू आला म्हणतात, आग लागली म्हणतात. राजा काही उठेना. शेवटी सगळे कंटाळून निघून जातात. मग राजाला तहान लागते आणि पाणी द्यायला जवळ कुणी नसतं. तेव्हा गडी आपला आपण उठतो, माठापाशी जातो, पाणी पितो. संपलं.

मी म्हटलं, एवढंच? मॅडम म्हणाल्या, एवढंच.

एवढ्यासाठी दीड महिना तालीम!

१६ डिसेंबर, मंगळवार

आज मात्र हसलो. ड्युटीवर!

राजाचं काम नाथाजीला दिलंय. पाटणकडचा. बांधावरून भावकीत मारामारी झाली, ह्यानं एकाच्या डोक्यात खोऱ्याचा दांडा घातला. तो वाचला, पण हा तीन वर्षं आत, आणि केस अजून चालूच. उंचापुरा माणूस. बोलणं दोन शब्दांचं – व्हय आणि न्हाई. पण भजनात त्याचा आवाज लागला की बराकीच्या टोकाला ऐकू येतो. मॅडमनी तो ऐकला आणि राजा करून टाकला.

तालीम रंगात आली होती. प्रधान सांगतो, महाराज, शत्रू वेशीपाशी आला, उठा! महाराजांनी म्हणायचं, आम्ही नाही उठणार. तेवढ्यात बाहेर राउंडची शिट्टी झाली. साहेब राउंडला आले की आमच्याकडे शिट्टी होते आणि कैद्यानं असेल तिथं जोडी करून उकिडवं बसायचं, हात गुडघ्यांवर. नियमच आहे. तर महाराज ताडकन उठले, सिंहासन सोडून खाली उकिडवे बसले. शेजारी प्रधान बसला. जोडी झाली.

मॅडमनी कपाळाला हात लावला. अहो महाराज, सगळं नाटक तुम्ही न उठण्यावर आहे! नाथाजी मान खाली घालून म्हणाला, "मी न्हाई उठत, मॅडम. पाय आपूआप उठत्यात."

पाच वेळा करून बघितलं. शिट्टी लागत नाही, माझ्या बुटांचा आवाज आला तरी उठतो! मग मॅडमनी मला बूट काढायला लावले. आख्खी तालीम मोजे घालून उभा. वरिष्ठांनी बघितलं असतं तर?

२० डिसेंबर, शनिवार

सिंहासन आलं. इलाहीच्या भावानं कराडहून पाठवलं – लग्नात नवरदेवाला बसवतात ती लाल मखमलीची खुर्ची, दोन्ही बाजूंना सोनेरी सिंह. गेटवर झडती माझ्याकडेच. गादी दाबून बघितली, पाय ठोकून बघितले, सिंहांच्या तोंडात बोट घालून बघितलं. एका सिंहाच्या तोंडात अक्षता निघाल्या.

तलवार नामंजूर. पुठ्ठ्याची असली तरी नामंजूर. काचेच्या बांगड्या नामंजूर. नऊवारी साडी मंजूर, पण रात्री आत ठेवायची नाही. एवढं लांब कापड बराकीत नको. म्हणजे तालीम संपली की साडी घडी करून माझ्या पिशवीत!

२३ डिसेंबर, मंगळवार

पिशवी हिच्या हाताला लागली.

कुणाची साडी? म्हणाली. मी म्हटलं, राणीची. कोण राणी? म्हटलं, इलाही. त्यावर ती जी गप्प झाली, ती जेवण होईपर्यंत. शेवटी सगळं समजावून सांगितलं तर हसता हसता तिला ठसका लागला. आणि आता म्हणते, साडीची घडीसुद्धा नीट घालता येत नाही तुम्हा लोकांना. उद्यापासून इस्त्री करून देणार म्हणे.

२ जानेवारी, शुक्रवार

इलाहीला आज कोर्टाची तारीख. राणीशिवाय तालीम कशी करायची? मॅडमनी वाक्यांचे कागद माझ्या हातात दिले. नुसतं वाचा हो, म्हणाल्या. मी वाचलं – सरळ, हजेरी घेतल्यासारखं. "प्राणनाथ. तुम्ही उठत का नाही. मी एकटी झोपते."

बराक कोसळली. प्रधान जमिनीवर लोळत होता. पण नाथाजीची पंचाईत झाली. त्याचं पुढचं वाक्य, प्रिये, जवळ ये. मला? प्रिये? दहादा तोंड उघडलं, दहादा मिटलं. शेवटी म्हणाला, "प्रिये हवालदार, जवळ या."

बीपी नॉर्मल आहे. डॉक्टरांना आश्चर्य वाटलं.

६ जानेवारी, मंगळवार

आता इलाही असला तरी मॅडम मला एकदा राणी वाचायला लावतातच. म्हणतात, नाथाजीची तुमच्या वर्दीची भीती जायला हवी. मला पटत नव्हतं. भीती गेली तर जेल चालायचं कसं? पण एक बघतोय. पाण्याच्या रांगेत पूर्वी बादलीवरून रोज मारामारी व्हायची. आता रांगेत प्रधान आणि प्रजा वाक्यं म्हणत उभे असतात. मागचा चुकला तर पुढचा दुरुस्त करतो. आठवडाभरात एकालाही दवाखान्यात न्यावं लागलं नाही. कुणाला सांगणार नाही, इथंच लिहितो – बरं वाटतं.

९ जानेवारी, शुक्रवार

साहेबांनी नाटकाला प्रत्येक नटाच्या घरची दोन माणसं बोलवायची परवानगी दिली. सगळ्यांनी नावं दिली. नाथाजीनं दिलं नाही.

तसा हा मुलाखतीलाही जात नाही. त्याचा धाकटा भाऊ दादासो दर महिन्याला येतो, कपडे ठेवून जातो. बायको मागेच वारली. एक मुलगी आहे, सृष्टी, ती दादासोकडे असते. तिला भेटायला गेल्या दोन वर्षांत कधी बाहेर आला नाही. मला वाटायचं, घुमा माणूस. आज स्टेजचा पडदा शिवत बसला होता, मी सहज विचारलं, पोरीला तरी बोलव की. तर तीन वर्षांत बोलला नाही एवढं बोलला.

दोन वर्षांमागं गळाभेट झाली होती. म्हणजे कैद्यांच्या पोरांना आत आणून बापाला जवळ भेटू देतात, जाळी नाही, काच नाही. सृष्टी दहा वर्षांची. ह्याच्या मांडीवर बसून लाडू खात होती. मध्येच साहेब आले, शिट्टी झाली. ह्यानं तिला खाली ठेवलं आणि जोडीला उकिडवा बसला. जोडीदार कुणी नव्हता. तर पोरगी येऊन शेजारी बसली, तशीच, हात गुडघ्यांवर ठेवून.

"आन् मला इचारलं, पप्पा, बराबर बसले का?" नाथाजी म्हणाला. "तवापासनं न्हाई गेलो मी बाहीर. तिनं पुन्यांदा तसं बसायला नगं."

मला वाईट वाटलं. सरळ लिहितो, लय वाईट वाटलं. 

१० जानेवारी, शनिवार

मॅडमना सांगितलं.  मग म्हणाल्या, हवालदार, राजा बसलाच पाहिजे.

म्हणजे रोज सराव. नाथाजी खुर्चीत, मी समोर, शिट्टी तोंडात. मी फुंकायची, त्यानं बसून राहायचं. मी फुंकली. तो अर्धा उठला. पुन्हा फुंकली. पुन्हा अर्धा. अशा वीसेक शिट्ट्या झाल्यावर बाहेरून आरडाओरडा ऐकू आला. बघतो तर काय, मैदानातले सगळे कैदी माझ्या प्रत्येक शिट्टीला खाली बसत होते आणि उठत होते! भाजी चिरणारे, कपडे वाळत घालणारे, सगळे. एक म्हातारा गुडघे चोळत म्हणाला, "आवं, साहेब येनार कवा? आमची हाडं मोडली की!"

उद्यापासून तोंडानं शिट्टी. हळू.

१२ जानेवारी, सोमवार

नाथाजी आज बसला! शिट्टी झाली, हात खुर्चीच्या सिंहांवर घट्ट, टाचा वर उचललेल्या, पण बसला. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मग मी बूट घालून ठक ठक आलो तर लगेच उठला. असू दे.

पण घोर वेगळाच. उद्या त्याच्या जामिनावर निकाल आहे! मॅडमना ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, दोघंही बोलत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, त्याचं चांगलंच व्हायला हवं ना? मी म्हटलं, व्हायलाच हवं. आणि दोघांनी दुसरीकडे बघितलं.

घरी येऊन देवापुढं उभा राहिलो. पालीच्या खंडोबाला नारळ बोललो. देवा, नाथाजीचा जामीन उद्या नको. सत्तावीसला दे. एवढा सव्वीस तारखेपर्यंत अडकवून ठेव. ही मागंच उभी होती. म्हणाली, असला नवस करणारे तुम्ही पहिलेच.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. बराकीत तिळगूळ वाटला.

नाथाजी काल कोर्टातून परत आला. मी गेटवरच गाठला. काय झालं रे? तो म्हणाला, "तारीख पडली." मी वरून चुकचुकलो आणि आतून नाचलो! देव पावला. मॅडमना फोन केला, त्याही चुकचुकल्या. दोघेही पाजी.

आज तिळगूळ घेताना नाथाजी स्वतःहून बोलला. "हवालदार, सृष्टीला बोलवा नाटकाला. दादासोला सांगा, घिऊन ये." मी म्हटलं, अचानक? तो म्हणाला, "व्हय." पुन्हा दोन शब्दांवर आला.

१७ जानेवारी, शनिवार

बूट, शिट्टी, दोन्ही एकदम. राजा बसून! वर म्हणाला, "कोन रं तिकडं बूट आपटतोय? पायताणं काढून या दरबारात!" हे वाक्य मॅडमनी लिहिलेलं नाही. मॅडम म्हणाल्या, ठेवा.

मी खरंच बूट काढले. कळलंच नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

राणी सुटली!!

इलाहीचा जामीन. तीन दिवसांवर नाटक! कागद संध्याकाळी आला तेव्हा इलाही साडीत होता. बातमी ऐकून आधी नाचला, मग मटकन खाली बसून रडायला लागला. मला तीन दिस ठेवा की आत, म्हणाला. सोमवारी जातो, कुठं पळून चाललोय?

त्याला समजावलं, अरे बाबा, आम्हाला असं ठेवता येत नाही. जामीन मंजूर झाला, जामीनदार उभा राहिला, कागद आमच्या हातात आला, की एक रात्रही आत ठेवणं गुन्हा. जामीनदार उभा करायला उशीर केला असता तर गोष्ट वेगळी. तोवर आम्हाला कळतसुद्धा नाही.

इलाही पदरानं डोळे पुसत म्हणाला, "हे आदी सांगायचं न्हाई व्हय?"

साडी परत घेतली. माझ्या पिशवीत. बाहेर त्याचा भाऊ पेढे घेऊन उभा, आणि हा रडत रडत चाललेला. लोकांना वाटलं असेल शिक्षाच झाली.

२४ जानेवारी, शनिवार

नाही म्हणजे नाही.

मॅडम म्हणतात, राणीची वाक्यं इलाहीशिवाय एकालाच पाठ आहेत. मी म्हटलं, तो एक वर्दीतला माणूस आहे. म्हणाल्या, वर्दी काढा. म्हटलं, मिशी आहे. म्हणाल्या, मिशीही काढा!

मिशी फौजेपासूनची आहे. लग्नाच्या फोटोत आहे. ती निघणार नाही.

मग नाथाजी उठला. (राजा असल्यापासून पहिल्यांदा मुद्दाम उठला.) माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "हवालदार, तुमी असला तर मी बसतो. दुसरं कोन आलं तर माजं पाय काय करतील, सांगता येत न्हाई."



२५ जानेवारी, रविवार

ठरलं. राणी पडद्यात. पदर नाकाखालून दातांत धरायचा, मिशी आत. साहेबांना विचारायचं राहिलं. म्हणजे राहू दिलं. त्यांना उद्या सकाळी झेंडावंदनाला दुसरीकडे जायचंय, नाटकाच्या शेवटाला पोचतील. तोवर कोण ओळखतंय!

साडी नेसवायला ही येणार. नाही म्हटलं तरी येणार.

२६ जानेवारी, सोमवार

सगळं लिहून काढतो.

सकाळी झेंडावंदन झालं. मंडप भरला. कैदी सतरंजीवर, घरची माणसं खुर्च्यांवर. इलाहीनं बाहेरून गजरा पाठवला – नव्या राणीला. हिनं आत साडी नेसवली, गजरा माळला आणि म्हणाली, लग्नात मीसुद्धा एवढी नटले नव्हते. पडद्याच्या फटीतून बघितलं. पहिल्या रांगेत दादासो, शेजारी सृष्टी. दोन वेण्या, शाळेचा निळा स्वेटर. मांडीवर पिशवी घट्ट धरून बसलेली. मी नाथाजीला म्हटलं, आलीय. तो जाऊन सिंहासनावर बसला.

पडदा उघडला. राजा सिंहासनावर. सृष्टीनं पिशवी अजून घट्ट धरली. मी आलो, पदर दातांत, आणि म्हटलं, प्राणनाथ! कैद्यांनी ओळखलं. असा गोंधळ झाला की पाच मिनिटं नाटक थांबलं. मग मात्र रंगलं. शत्रू आला, आग लागली, राजा काही उठेना. सृष्टी आधी तोंडावर हात ठेवून हसत होती, मग उघडी हसायला लागली.

आणि आग लागायच्या प्रवेशातच गेटवर शिट्टी झाली. साहेब लवकर आले!

सतरंजीवरचे सगळे क्षणात उकिडवे, जोड्या करून. प्रधान स्टेजवर खाली. घरची माणसं बावरून इकडं तिकडं बघताहेत. सृष्टी खुर्चीवरून घसरली. गुडघे वाकवून खाली बसायलाच लागली होती.

आणि मी? मी ताडकन उठलो. टाचा जुळवल्या, छाती काढली आणि साहेबांना कडक सॅल्यूट ठोकला. नऊवारीत, गजरा माळून! पदर सुटला. मिशी बाहेर.

सगळा मंडप चिडीचूप. साहेब दारात उभे, माझ्याकडे बघताहेत. मला वाटलं, गेली नोकरी. हात खाली येईना. तीस वर्षांत आधी हात वर जातो, मग डोकं विचार करतं, हे मला आज कळलं.

मागून आवाज आला. भजनातला, बराकीच्या टोकाला ऐकू येणारा.

"राणीसाब, बसा खाली. आमी अजून उठलेलो न्हाई."

मी वळून बघितलं. नाथाजी बसलेला होता. हात सिंहांवर, बोटं पांढरी पडलेली. पण बसलेला. मग त्यानं दाराकडं बघितलं आणि जरा हळू म्हणाला, "तुमी बी बसा की, साहेब. उभं का?"

साहेब थांबले. टोपी काढली. मागच्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर जाऊन बसले.

मी पदर सावरून बसलो. सृष्टी खाली अर्धी वाकलेली होती, तिनं बापाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग उठली, फ्रॉक झटकला आणि खुर्चीवर परत बसली. मग कुठं मंडप हसला. असा हसला की बाहेरचे पहारेकरी पळत आले.

शेवटी सगळे निघून गेले. राजा एकटा. तहान लागली. उठला, कुणी न सांगता, शिट्टी न होता. माठातलं पाणी प्याला. नाटक इथं संपतं. पण त्यानं दुसरा ग्लास भरला आणि स्टेजच्या पायऱ्या उतरून सृष्टीला नेऊन दिला. तिनं उभी राहून घेतला. दोघंही उभे होते.

मी पडद्याआड साडीत बसून रडलो. हिनं बघितलं. माझ्याच पदरानं माझे डोळे पुसले.

२७ जानेवारी, मंगळवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. लेखी खुलासा मनात तयार ठेवूनच गेलो. साहेब फायलीतून मान वर न करता म्हणाले, नाटक चालू असताना राउंडची शिट्टी बंद, तसा हुकूम काढतोय. मी म्हटलं, जी. निघालो. दारापाशी पोचलो तर म्हणाले, "पुढच्या वेळेला मिशी काढ, गुंडा. राणी शोभत नव्हती."

मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, बघा, साहेबही पुढची वेळ म्हणाले.

२८ जानेवारी, बुधवार

राजा सुटला.

दुपारी कागद आला. गेटवर दादासो आणि सृष्टी उभे. नाथाजी आत सह्या करत होता. मी दादासोला म्हटलं, नशीब बघा! नाटक झालं आणि दोन दिवसांत जामीन! खंडोबानं माझं अगदी शब्दाला शब्द ऐकलं.

दादासो माझ्याकडे बघतच राहिला. "आवं हवालदार, जामीन तेरा तारखेलाच झालाय. जामीनदार मीच, सातबारा घिऊन कोर्टात उभा हुतो. ह्येनंच मला परत धाडला. म्हनला, जितं पोरीनं मला खाली बसल्यालं बघितलंय, तितंच वर बसल्यालं बघू दे. मग येतो घरी."

पंधरा दिवस दार उघडं होतं. राजा काही उठला नाही.